आठ जणांची बॅच

मशीनने तीनदा पीं केलं. घर इतकं गप्प होतं की मीच दचकले आणि पेनाची रेघ फॉर्मच्या चौकटीबाहेर गेली. आतल्या खोलीत नवरा झोपला होता. शीतगृहातली रात्रपाळी करून तो सकाळी आठला येतो आणि दुपारी तीनपर्यंत मी आणि लेक घरात चोरपावलांनी वावरतो. मी कान देऊन बसले. आत कूस बदलल्याचा आवाज आला, मग पुन्हा तेच संथ घोरणं. वाचलो.

कपडे मशीनमध्येच राहू दिले. ओले कपडे थांबतात. फॉर्म सोमवारी द्यायचा होता.

टेबलाखाली लेक बसली होती, बाहुल्यांना चष्मे लावत. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, नंबरच्या काचा घासून फ्रेमच्या मापाला आणते. मोडक्या फ्रेम्स मालक टाकून देतात, मी घरी आणते. त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या बाहुल्यांची नजर कमजोर आहे. लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी दोन मिनिटं टिकत नाही. फक्त पाणी दिसलं की टिकते. तलावाच्या काठावर नेली तर तिथेच रुतून बसते, आणि माझं बोट इतकं घट्ट धरते की अंगठी रुतते.

तिच्या शाळेतून चिठ्ठी आली होती. पुढच्या वर्षीपासून दर शुक्रवारी तिच्या वर्गाला पोहायला नेणार. ज्यांना येत नाही, त्यांनी काठावरच्या बाकावर बसायचं. चिठ्ठीत हे वाक्य अगदी साधेपणाने लिहिलं होतं, जसं डबा आणावा, टोपी आणावी. तो बाक मला माहीत आहे. माझ्या शाळेत मी तीन वर्षं त्यावर काढली, मांडीवर इतरांचे टॉवेल घेऊन. मुली पाण्यातून ओरडायच्या, "ए, माझा निळा दे गं!" मी द्यायची. कुणाचा कुठला टॉवेल हे मला अजून आठवतं.

भिंगरीने त्या बाकावर बसायचं नाही, एवढंच मला हवं होतं.

पोहण्याच्या तलावाच्या पत्रकात तीन प्रकार होते. आठ मुलांची बॅच, आठ तासांचे बाराशे. जोडीची, म्हणजे दोन मुलं आणि एक शिक्षिका, सव्वीसशे. एकट्याची, अठ्ठेचाळीसशे. शेजारी पोहणाऱ्या मुलाचं हसरं चित्र होतं. तो कुठल्या बॅचचा होता ते लिहिलं नव्हतं.

मी फोन केला होता. काउंटरवरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मुलगी पाण्याला घाबरते का?"

"थोडीशी."

"थोडीशी असं आमच्याकडे काही नाही, ताई. हो किंवा नाही."

"हो म्हटलं तर?"

"तर एकट्याची बॅच. आठांत एक रडायला लागलं की बाकीची सात रडतात, आणि मग आमच्या मॅडम रडतात."

त्या स्वतःच हसल्या. मीही हसले, कारण फोनवर दुसरं काय करणार.

नणंदेला विचारलं तर ती म्हणाली, "अगं वहिनी, एवढं काय त्यात? माझी दोघं ग्रुपमध्येच शिकली. पहिले दोन दिवस भोकाड पसरलं, तिसऱ्या दिवशी बाहेर यायला तयार नव्हती. तू फार जपतेस तिला. काचेचं भांडं करून ठेवलंयस."

"काचेचंच काम करते मी."

"तेच म्हणते. दुकानातलं दुकानात ठेवून येत जा."

साडेतीनला नवरा उठला. चहाचा कप डाव्या गालापासून लांब धरून, उजवीकडून घोट घेत त्याने पत्रक वाचलं. डावी दाढ चार महिने ठणकत होती. डॉक्टरने तिचा जो आकडा सांगितला होता तो एकट्याच्या बॅचच्या आकड्याच्या जवळपास होता. हे आम्हा दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही पोहण्याबद्दलच बोलत होतो.

"एकट्याची घेऊ," तो म्हणाला.

"आणि दाढ?"

"दाढ काय पळून चाललीय? उजवीकडून जेवतो की."

"तोंड वाकडं होईल तुझं."

"लग्न झालंय. आता झालं तरी चालतं."

मी हसले नाही. रात्री अंगावर दोन स्वेटर चढवून, उणे अठराच्या थंडीत खोकी मोजणाऱ्या माणसाने दात दाबून धरायचा आणि मी त्याला होकार द्यायचा, हे मला जमेना. मी म्हणाले, "ग्रुपमध्ये घालू. आधी घरी तयारी करून घेते. मग भीती कसली?"

"तुला कुठे पोहता येतं?"

"पोहायला नाही शिकवत. तोंड पाण्यात घालायला शिकवते."

फॉर्मवर तीन प्रश्न होते. मूल तोंड पाण्यात घालतं का? पाच आकडे श्वास रोखतं का? पाण्याची भीती आहे का? मी हो, हो, नाही अशा खुणा केल्या. दुकानात अर्धा मिलिमीटर चुकला तरी काच बसत नाही किंवा बसवताना तडकते, म्हणून मी दोनदा मोजते. इथे मी एकदाही मोजलं नाही.

बॅचमध्ये घेण्याआधीची चाचणी शनिवारी होती. हातात पाच दिवस होते.

दुकानातून घरी पोचायला साडेसहा वाजतात. स्वयंपाक गॅसवर मंद करून मी बाथरूममध्ये कपड्यांचा निळा टब भरायची. कोमट पाणी, वीतभर. भिंगरी गुडघ्यांवर बसायची आणि मी तिच्या शेजारी फरशीवर. पहिल्या दिवशी फक्त नाक टेकलं. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून गाल. तिसऱ्या दिवशी अख्खं तोंड, पण लगेच बाहेर, खोकत, केस माझ्या अंगावर झटकत.

"तू मोजलेलं मला ऐकूच येत नाही," ती म्हणाली. "पाण्यात कान बंद होतात."

म्हणून मी पाठीवर थोपटून मोजू लागले. तिच्या खांद्यांच्या दोन हाडांमध्ये एक जागा आहे, माझा तळवा तिथे बरोबर बसतो. ती जन्मल्यापासून बसतो. हळू हळू पाच वेळा थोपटायचं. पाचवं पडलं की तोंड वर.

"आणि त्याच्या आधी नाही हं. आधी वर आलीस तर ते तुला बॅचमध्ये घेणार नाहीत."

"मग?"

"मग घरी यावं लागेल."

ते मी तिला चिडून नव्हतं सांगितलं. दमले होते, भात लागल्याचा वास येत होता, आणि ते वाक्य लवकर काम करत होतं. गुरुवारी तिने पाचही थोपटण्या पूर्ण केल्या. शुक्रवारी सलग तीन वेळा. पापण्यांवरून पाणी गळत असताना ती माझ्याकडे बघून हसली, आणि मी तिला तसंच ओलं मिठीत घेतलं. कामाला निघालेल्या नवऱ्याने दारातून टाळ्या वाजवल्या. "मासोळी झाली की ही!" त्याने बूट घातले आणि गेला. मला वाटलं, बाराशेत जमवलं आपण.

शनिवारी मी अर्धी रजा घेतली. मालक म्हणाले, "पोहायला तू चाललीस की पोरगी?" मी म्हणाले, "दोघी." घाईत तोंडातून निघून गेलं.

तलावावर आईबापांना काचेपलीकडे जाता येत नाही. काठापासून पाच पावलांवर मोठी काच आहे, तिच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग. काचेतून सगळं दिसतं पण ऐकू येतं ते अस्पष्ट, भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखं. आठ मुलं रबरी टोप्या घालून उथळ पायऱ्यांवर उभी होती. टोपीत भिंगरीचे कान दुमडले होते. शिक्षिका कमरेएवढ्या पाण्यात होत्या, तरुण, गळ्यात शिट्टी. एकेका मुलाचा हात कठड्यावर ठेवत त्या पुढे गेल्या.

मग त्यांनी स्वतः वाकून दाखवलं, तोंड आत, तोंड बाहेर. जमेल तेवढं, असं हातानेच सांगितलं. आठही डोकी खाली गेली.

मी मनात आकडे मोजू लागले. दोनच्या आत पाच डोकी वर आली. तीनला आणखी दोन. त्यातला एक मुलगा रडू लागला आणि शिक्षिका त्याच्याकडे वळल्या. भिंगरीचं डोकं खालीच होतं. चार. पाच. मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्यांकडे बघितलं.

"तुमची?" शेजारचे एक बाबा म्हणाले. "काय दम आहे हो!"

सहा. सात. माझा उजवा हात माझ्याच गुडघ्यावर थोपटत होता, आणि तो थांबला. आठ. तिच्या पाठीवर कुणाचाच हात नव्हता.

ती वाट बघत होती.

मी काचेवर हात आपटला. सगळ्या खुर्च्या वळल्या, पलीकडे कुणी वळलं नाही. शिक्षिका रडणाऱ्या मुलाचं नाक पुसत होत्या. कठड्यावरची भिंगरीची बोटं पांढरी पडली होती, खांदे एकदा उडाले, तरी डोकं वर येईना. 'पालकांना प्रवेश नाही' असं लिहिलेल्या दारातून मी बुटांसकट आत गेले, ओल्या लादीवर घसरले, एका गुडघ्यावर पडले आणि तिथूनच ओरडले, "पाठीवर हात ठेवा! तिच्या पाठीवर थोपटा!"

काय बोलतेय ही बाई, हे शिक्षिकेला कळलं नसणार. पण त्यांनी वळून बघितलं आणि दोन ढांगांत भिंगरीच्या पाठीला हात घातला.

हात लागताच ती वर आली. ओठ निळसर, नाकातून पाणी. ती खोकली, थोडं पाणी ओकली, पुन्हा खोकली. रडली नाही. शिक्षिकेच्या खांद्यावरून तिला मी दिसले आणि ती तक्रारीच्या सुरात म्हणाली, "ह्यांनी थोपटलंच नाही."

पुढचे काही क्षण मी फरशीवरच बसून होते. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला. मी तो तसाच बाजूला ठेवला.

मुलांना टॉवेलात गुंडाळून झाल्यावर शिक्षिका माझ्याजवळ आल्या. हातात माझा फॉर्म होता.

"भीती नाही, असं लिहिलंय तुम्ही."

मी माझ्याच केलेल्या खुणांकडे बघत राहिले.

"घाबरून वर येणाऱ्या मुलांची मला काळजी नसते, ताई. ती वर येतात. हिला वर यायचं नाही, असं कोणी सांगितलं?"

"मी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्या शेजारी, ओल्याच, फरशीवर टेकल्या. "माझं लक्ष दुसरीकडे होतं. ते माझं चुकलं. पण आठ जणांत माझं लक्ष दुसरीकडे जाणारच. हिला आधी एकटीला शिकू दे. वाटेल तेव्हा वर यायचं असतं, एवढंच शिकवायचं आहे मला तिला. चार तासांत होईल. मग जोडीत घालू."

काउंटरवरच्या बाईंनी नवा फॉर्म पुढे केला. त्यांना सगळं कळलं होतं, म्हणून त्या आवाज न करता कागद लावत होत्या.

"पाण्याची भीती?" त्यांनी हळूच विचारलं. "थोडीशी लिहू का?"

"नको," मी म्हणाले. "हो लिहा."

चार तासांचे चोवीसशे. मी घरी फोन लावला. नवरा झोपेतून उठून बोलला. मी सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की एकट्याची बॅच घ्यावी लागेल, निम्मी तरी. "घे ना," तो म्हणाला. "रडतेयस का तू?" मी म्हणाले, इथे फार औषध घालतात पाण्यात, डोळे चुरचुरतात. पैसे भरले, पावती पर्समध्ये टाकली. दाढ आता कधी, हे त्याने विचारलं नाही.

बसथांब्यावर बसायला जागा मिळाली. भिंगरीला मांडीवर घ्यायला ती आता मोठी आहे, तरी घेतलं. तिच्या केसांना तलावाचा वास येत होता. बिस्कीट खाताना ती मध्येच थांबून खोकायची आणि प्रत्येक खोकल्याला माझा हात तिच्या पाठीवर जायचा, पण थोपटायचं की नाही ते कळेना म्हणून तसाच ठेवून द्यायची. माझा गुडघा सुजला होता. समोरून दोन बस भरून गेल्या.

"त्या मॅडम मला एकटीलाच शिकवणार?"

"हो."

"मी घाबरते म्हणून?"

"हो गं. घाबरलं तर चालतं तिथे. आईचंच चुकलं."

तिने बिस्किटाचा उरलेला तुकडा नीट बघितला, अर्धा केला, मोठा अर्धा मला दिला. मग रस्त्याकडे बघत, अगदी सहज विचारलं,

"आई, घाबरणाऱ्या मुलांचे पैसे जास्त का घेतात?"