ब्रश मिळेपर्यंत

मी ड्रिल मशीन बोलतेय. मुक्काम मल्हारगंज, इंदूर. लोखंडी पेटीत राहते, त्यामुळे आवाज जरा दबलेला वाटेल.

माझे मालक सुधाकरराव रेल्वेत बाबू होते. लग्नानंतर उषाताईंना स्वयंपाकघरात एक फळी लावून हवी होती. सुतार आला, छिन्नी-हातोडीने त्याने एक भोक पाडलं आणि सोबत वीतभर प्लास्टरही पाडलं. उषाताई काही बोलल्या नाहीत. तेच सुधाकररावांना फार लागलं आणि त्यांनी मला घ्यायचं ठरवलं. तेव्हा मी काउंटरवर मांडून ठेवलेली मिळत नव्हते. सियागंजच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवायचं, मग तो मुंबईहून मागवणार. माझी किंमत सुधाकररावांच्या दोन पगारांएवढी झाली. फळीची किंमत मी सांगत नाही.

अख्ख्या गल्लीत दुसरी ड्रिल मशीन नव्हती. कुणाला पडद्याचा रॉड लावायचा असो की घड्याळ, बोलावणं आम्हालाच. पण सुधाकररावांचा नियम होता की मशीन एकटी कुणाकडे जाणार नाही. मी, ते आणि उषाताई असे तिघं निघायचो. उषाताईंचं काम कागद धरायचं. भोकाखाली वर्तमानपत्राची घडी धरली की विटेची भुकटी लोकांच्या घरात सांडत नाही. सुधाकरराव म्हणायचे, “उषा, कागद,” आणि मगच माझं बटण दाबायचे. नंतर पोहे, चहा, घरातल्या प्रत्येकाची विचारपूस. भिंतीला भोक पाडून घेतल्यावर माणसांना इतका आनंद का होतो, हे मला अजून कळलेलं नाही.

हळूहळू मी स्वस्त झाले. म्हणजे मी नाही, माझ्यानंतरच्या. आधी एका पगारात दोन येऊ लागल्या, मग चिनी आल्या, मग मोबाईलवर आल्या. आता त्या कोथिंबिरीबरोबर घरपोच येतात, आणि चौघं हॉटेलात जेवली तर बिल त्यांच्यापेक्षा जास्त होतं. गल्लीत घरोघरी एकेक झाली. आमचं बोलावणं बंद झालं. मला वाईट वाटलं. उषाताईंनाही वाटलं. आता लोकांच्या घरी काय म्हणून जायचं, असं त्या म्हणाल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी उषाताई गेल्या. त्यांच्या मुलाने, जयेशने, त्यांचा फोटो मोठा करून फ्रेम करून आणला. सुधाकररावांनी मला पेटीतून काढलं, बटण दाबलं, मी चालले नाही. माझ्या पोटात कार्बनचे दोन तुकडे असतात, त्यांना ब्रश म्हणतात. ते झिजले होते. ब्रश मिळाले की लावू, असं म्हणून सुधाकररावांनी फोटो फ्रिजवर टेकवून ठेवला. फ्रिज सुरू झाला की फोटो थरथरायचा, आणि ते हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत बसायचे.

जयेश पुण्याहून फोन करून विचारायचा. उत्तर ठरलेलं. मॉडेल जुनं आहे, ब्रश मिळत नाहीत, आजच सियागंजला जाऊन आलो. जाऊन यायचे हे खरं आहे, पिशवीत मीच असायचे. सुधाकरराव दुकानातल्या बाकावर बसायचे, दुकानदार मनीषशी उन्हापावसाचं बोलायचे, चहा प्यायचे आणि घरी परत. पिशवीतून मला त्यांनी एकदाही बाहेर काढलं नाही.

यंदा आईच्या श्राद्धाला जयेश आला. फोटो अजून फ्रिजवर बघून त्याने सरळ मोबाईल काढला. गॅसवरचा चहा उकळायच्या आत खोकं दारात हजर. नवी मशीन, बिनवायरची, माझ्या निम्म्या वजनाची.

“बाबा, हे बघा, आता टेन्शनच खतम,” जयेश म्हणाला.

त्याने भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि मशीन टेकवली. तेवढ्यात सुधाकरराव म्हणाले, “थांब.”

मग ते टेबलापाशी गेले. टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, त्याची घडी घातली आणि खुणेखाली धरली.

“आता कर,” ते म्हणाले.

भुकटी सगळी कागदातच पडली. मला पेटीत रडू आलं असतं, पण ब्रश नव्हते.

जयेश पुण्याला परतला त्याच दिवशी सुधाकरराव मला घेऊन सियागंजला गेले. या खेपेला बाकावर बसले नाहीत. मला पिशवीतून काढून थेट काउंटरवर ठेवलं.

“भिया, इसके ब्रश हैं क्या?”

मनीषने मला उलटी करून पाहिलं, एक खण उघडला आणि ब्रश समोर ठेवले.

“अंकलजी, दो साल से आ रहे हो, पहले क्यों नहीं बोले?”

“तब जल्दी नहीं थी,” सुधाकरराव म्हणाले.

आता मी व्यवस्थित चालते. जरा आवाज करते, पण वयही झालंय. तुमच्याकडे नवी मशीन असणारच. तरी कधी एखादी फळी, एखादी फ्रेम लावायची असली तर आम्हाला बोलवा. आम्ही दोघं येऊ. चहा चालेल, पोह्यांवर जीरावन मसाला थोडा जास्त. कागद धरायला माणूस मात्र तुमच्याच घरचा लागेल.