गुडघ्यामागची दोन बोटं

“पट्टा आवळा अजून. पोरगी घसरतेय,” विस्तार अधिकारी धनसिंग साहेब मोबाईल डोळ्यांसमोर धरून म्हणाले.

विशेष शिक्षक योगराजने सरकारी शिबिरातून आलेल्या निळ्या खुर्चीचा पट्टा एक भोक पुढे घेतला. भूमिका नीट बसली. योगराज मनात सेकंद मोजू लागला. चाळीसला तिची कंबर पुन्हा पुढे सरकली होती.

भूमिका दुसरीत. जन्मापासून पाय ताठ. वर्गात तिच्या बसण्याच्या दोन जागा होत्या. एक भिंतीशी ठेवलेला केळीचा क्रेट, एका बाजूने कापलेला, आत फोम. दुसरी गुंडाळलेली सतरंजी, तिच्यावर पालथं पडून ती लिहायची. तासाला जागा बदलायची, म्हणजे पाय आखडत नसत. क्रेट तिच्या आजीने, सुंदरबाईने केला होता. यावलच्या पट्ट्यात तीस वर्षं केळी भरणारी बाई.

“फोटोतून ते खोकं काढा,” साहेब म्हणाले. “आता दिवसभर ही खुर्चीच. आणि इथं सही करा, ‘साहित्य योग्य बसते’.”

योगराजने पेन काढलं.

“सर, जराखा थांबा,” दारातून सुंदरबाई बोलली. “तिना पाय देखा पहिले.”

“अक्का, तिला दुखत असतं तर ती रडली असती ना?” साहेब हसले.

“क्रेटमधली केयी कधी रडस का साहेब? आज दाबी तं डाग आज नही दिखत. सकाय उठीसन दिखस.”

योगराज खाली बसला. खुर्चीची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांच्यात दोन बोटं जायला हवीत. चौदा वर्षांत हे त्याने किती आयांना शिकवलं होतं. त्याची बोटं गेली नाहीत. एकही नाही. कड मांसात रुतली होती.

त्याने टेप काढली. कंबरेपासून खोबणीपर्यंत अठ्ठावीस सेंटिमीटर. दोन बोटं सोडली की पंचवीस. खुर्चीची बैठक चौतीस.

“मापं कोणी घेतली होती?” साहेबांनी विचारलं, जरी कागदावर नाव होतं.

“मी.”

मागच्या वर्षीचं शिबिर त्याला आठवलं. एका दिवसात अकरा मुलं, बाहेर रिक्षा थांबलेल्या. आधी पायाला बांधायच्या कॅलिपरची मापं, मग खुर्चीची. हात सवयीने चालला आणि टेप मागच्या खोबणीऐवजी गुडघ्याच्या वाटीपर्यंत गेली. एकदा चुकलेला हात त्या दिवशी अकराही वेळा तसाच चालला असणार.

“मागे उशी घाला, संपलं,” साहेब म्हणाले.

“नऊ सेंटिमीटरची उशी लागेल, साहेब. ती पट्ट्याखालून निसटणार, आणि ही पुन्हा घसरणार.”

साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला आणि त्याला व्हरांड्यात नेलं. आवाज खाली आला. “योगराज, खुर्ची परत गेली तर पुढचं शिबिर कधी, मलाही माहीत नाही. आणि हे लिहिलंत की बाकीच्या दहांबद्दल विचारतील. मार्चमध्ये तुमचा करार नव्याने व्हायचा आहे. तोंडी सांगा, मी बघतो. लिहू नका.”

“तोंडी सांगितलेलं कोण बघतं, साहेब?”

योगराज वर्गात परतला.

आत भूमिकाने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. अख्ख्या वर्गात खुर्ची फक्त तिला आणि शिकवणाऱ्या बाईंना. “सर, दुखत नही,” ती म्हणाली. “नका ना काढू. माले हाईच जोयजे.”

“बरोबर मापाची आणू.”

“कधी?”

 योगराजने पट्टा सोडला. सुंदरबाईने नातीला उचललं तेव्हा गुडघ्यामागे दोन लाल रेघा होत्या, फूटपट्टीने ओढल्यासारख्या. वीस मिनिटांच्या. भूमिकाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

योगराजने बाईंच्या टेबलावर फॉर्म ठेवून लिहिलं: साहित्य बसत नाही. खुर्चीच्या बैठकीची खोली नऊ सेंटिमीटर जास्त. मापातली चूक माझी. खाली सही, तारीख. साहेबांनी कागद घडी न घालता पिशवीत ठेवला आणि चहा न घेताच ते जीपकडे गेले.

त्या अकरा जणांच्या यादीतलं दुसरं नाव चोपड्याच्या रस्त्याला, नऊ किलोमीटरवर. मोटारसायकल अंगणात शिरली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. तशीच निळी खुर्ची लिंबाखाली होती. पाठीवरचं प्लास्टिकचं वेष्टण घरच्यांनी मुद्दाम ठेवलेलं. खुर्चीत नवा परकर घातलेली मेघा. समोर दोन शेजारणी बघायला आलेल्या.

“या सर, या!” मेघाची आई पदराला हात पुसत पुढे आली. “देखा, कशी राणीसारखी बठेल शे. काल खुर्ची उनी, आज सकायपाईन एकदाबी खाले उतरनी नही. इतली आवडस तिले.”

“सकाळपासून?”

“सातपाईन.”

योगराजने खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली. तो मेघासमोर गुडघ्यांवर बसला आणि गुडघ्यामागे बघायला परकर जरा वर करू का, असं त्याने तिच्या आईला विचारलं.