उंबरठ्याखालची पाहुणी

उद्यानातली दारवाली बाई मंगळवारी आमच्या उंबरठ्याखाली राहायला आली. दोष सासूबाईंचा. नातीच्या, आमच्या जुईच्या, पहिल्या वाढदिवसासाठी त्या सांगलीहून या बर्फाच्या गावी आल्या आणि उद्यानातला पुतळा पाहून हरखून गेल्या. ब्राँझची रिकामी चौकट, तिच्या पायथ्याशी कमरेपर्यंत जमिनीत रुतून बसलेली बाई.

"ही उक्साक्का," माझ्या नवऱ्याने, निरंजनने, पाटी वाचून सांगितलं. "इथल्या मूळच्या सामी लोकांची देवी. उंबरठ्याखाली राहते. चालायला शिकणाऱ्या पोरांना जपते."

सासूबाईंनी पर्समधून डब्या काढून तिला हळदीकुंकू लावलं, सांगलीहून आणलेल्या नारळाने ओटी भरली आणि सवयीने म्हणाल्या, "या हं एकदा घरी."

ती आली. सकाळी उंबरठा वीतभर उंच झाला होता. जुई दाराकडे रांगत गेली की तो वर यायचा. ती मागे फिरली की थांबायचा, पण खाली उतरायचा नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. निरंजन ढांग टाकून ऑफिसला गेला आणि संध्याकाळी स्टुलावर चढून घरात आला. खिडकीतून उद्यानातली चौकट दिसायची. तिच्या पायथ्याशी आता कुणीच नव्हतं.

"पोरीला जपतेय गं," सासूबाई म्हणाल्या. "तू उगीच जिवाला घोर लावून घेतेस."

मला घरात बसवत नव्हतं. जुईने बाहेर, मोकळ्यावर पहिलं पाऊल टाकावं एवढंच मला हवं होतं, आणि इथे भिंत चढत होती. मला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता.

शेजारची मारित सामी आहे. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा उंबरठ्यापलीकडे तिचे फक्त डोळे दिसत होते.

"बोलावलंत कशाला?" ती म्हणाली. "ती प्रत्येक दाराशी असतेच. आता तुमच्याकडे दोघी झाल्या."

"मग एकीला घालवते."

"अगं, देवीला जा म्हणू नये," सासूबाई आतून ओरडल्या. "या पुन्हा म्हणायचं. आणि सवाष्णीला रिकाम्या हाती पाठवायचं नाही. निरंजन येताना नारळ आणेल, तोवर थांब."

नारळाची वाट बघत बसायला मला धीर नव्हता. "जा बाई," मी उंबरठ्याला म्हणाले. "जा एकदाची."

उंबरठा सरळ जमिनीत गेला. इतकं हायसं वाटलं की मी हसले. जुई कशाचाही आधार न घेता उभी राहिली. तिने एक हात वर केला आणि चालत बाहेर पडली.

"चालायला लागली गं!" सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मी धावले. दाराशी आधीपासून असलेली दुसरी उंबरठा घेऊन माझ्या छातीपर्यंत वर आली. मारितने वाकून जुईला धरायला हात पुढे केले. जुई त्या हातांच्या मधून पुढे गेली, जिना उतरू लागली. तिचा हात तसाच वर होता. मुठीत काहीच दिसत नव्हतं, तरी कुणाचं तरी बोट धरल्यासारखी ती घट्ट मिटलेली होती.