रुळांमधल्या पायवाटेचा दिवा

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. पण चौकातला नव्हे की रस्त्यावरचा नव्हे. ब्राझीलमधल्या एका डोंगरी स्टेशनच्या यार्डात, मालगाड्या उभ्या राहतात त्या दोन लोहमार्गांमधल्या पायवाटेवर माझा खांब आहे. इथे दुपार कलली की समुद्राकडून धुके चढते. मग मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे डबे, दिसेनाशा होतात, नुसत्या त्यांच्या साखळ्या ऐकू येतात.

माझ्या डोक्यावर पत्र्याची टोपी आहे, त्यामुळे माझा उजेड खालीच पडतो. तो संपे तिथे शेजारच्या दिव्याचा उजेड सुरू होई. पलीकडच्या वस्तीतली माणसे आमच्याखालून निर्धास्त ये-जा करत. डबे जोडणारा अनाक्लेतो म्हणायचा, "हे दिवे बरे, डोळ्यांत घुसत नाहीत." जाता जाता तो माझा खांब थोपटायचा.

पुढे आमच्या काचांवर काजळी चढली. ती कोणी पुसली नाही. एकेक दिवा विझत गेला आणि विझलेलाच राहिला. एका संध्याकाळी अशाच अंधाऱ्या टप्प्यात सरकत आलेली वाघीण अनाक्लेतोला दिसली नाही. मी अजून जळत होतो, पण माझा उजेड तिथवर पोचत नव्हता. मला फक्त त्याची शेवटची हाक ऐकू आली.

मग सगळे खडबडून जागे झाले. मालधक्क्याजवळ उंच मनोरा उभा राहिला, त्यावर भला मोठा झोतदिवा बसला आणि आम्हाला बंद केले. यार्डप्रमुख एवारिस्तो खूश होऊन म्हणाले, "आता सुई पडली तरी दिसेल!"

पण त्या झोतात धुके पांढऱ्या भिंतीसारखे पेटायचे, आणि उभ्या वाघिणींच्या आड डांबरासारखा काळोख साचायचा.

आणि पायवाटेवर 'तो' दिसू लागला. घरी निघालेल्या माणसाच्या पुढे, धुक्यात, ताडासारखी उंच काळी आकृती चाले. माणूस थांबला की तीही थांबे.

"अनाक्लेतोच आहे," माणसे कुजबुजू लागली. मलाही तसेच वाटले. त्याच्या जागी लागलेल्या बेनेदितोने तर पायवाटच सोडली. तो सरळ रुळांमधून चालू लागला. "मेलेल्याच्या मागे मागे जायला मला काय वेड लागलंय?" तो म्हणायचा.

घाबरत नव्हती ती एकटी झुल्मीरा, अनाक्लेतोची बायको. स्टेशनवर कॉफी आणि मक्याच्या पिठाचा केक विकून ती याच वाटेने घरी जाई, आणि वाटभर त्या आकृतीशी बोले. "आज सगळा केक खपला बघ. तुला तुकडासुद्धा उरला नाही. हळू चाल रे, वाट ओली आहे."

एका संध्याकाळी ती पायवाटेने चालली होती आणि बेनेदितो शेजारच्या रुळांमधून. समोरून इंजिन येत होते. धुक्याच्या झगझगाटात बेनेदितोला ते दिसले नाही. इंजिनाच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर तर सरळ झोतच होता.

"बेने, बाजूला हो!" झुल्मीराने टोपली फेकली, त्याची कॉलर धरली आणि त्याला ओढले. दोघे पायवाटेवर कोसळले. इंजिन करकरत पुढे जाऊन थांबले. ड्रायव्हर खाली उतरला. "बाई, शपथ घेऊन सांगतो, मला माणूस दिसलाच नाही!"

एवारिस्तो धावत आले. "पायवाट सोडून रुळांत कशाला तडफडलास?"

"साहेब, तिथे अनाक्लेतो चालतो."

झुल्मीरा उठून उभी राहिली. तिने हात वर केला. धुक्यातला काळा हातही वर गेला.

"हा बघ तुझा अनाक्लेतो. माझी सावली आहे ही. मागचा झोत पाडतो ती." तिने हात खाली घेतला. "माझा नवरा लंगडायचा. ही लंगडत नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग वहिनी, रोज बोलत का होता तिच्याशी?" बेनेदितोने विचारले.

"बरोबर कोणीतरी चालत होतं ना." मग ती एवारिस्तोंकडे वळली. "साहेब, तो झोत काढा. सोबतीचं माझं मी बघून घेईन."

एवारिस्तोंनी टोपी काढली आणि मान हलवली. झोत उतरला. आमच्या काचा पुसल्या गेल्या, वाकलेल्या पत्र्याच्या टोप्या सरळ झाल्या, मधल्या अंधाऱ्या टप्प्यात नवे दिवे आले.

आम्ही पुन्हा लागलो त्या संध्याकाळी झुल्मीरा माझ्याखाली येऊन थांबली. तिची सावली पायाशी गोळा झाली होती, इवलीशी. समोर धुके होते आणि धुक्यात कोणी नव्हते. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मित्रांनो, त्या वेळी मला विझावेसे वाटले.

मागून बेनेदितो आला. "चला वहिनी, मीही तिकडेच निघालोय," म्हणत त्याने तिची टोपली घेतली.

मित्रांनो, तुमच्या वाटेवर एखादा दिवा काजळला असेल, वाकडा होऊन डोळ्यांत घुसत असेल, तर 'आपल्याला काय' म्हणून पुढे जाऊ नका. सांगा कोणाला तरी. त्याच्याखालून कोणी एकटेच घरी जात असेल.