मोडक्या हळकुंडांची साक्ष

मला ओळखलंत का, मित्रांनो? मी दादासोंच्या कारखान्यातली जुनी लेथ. लोखंडाचा ओबडधोबड गज माझ्या जबड्यात धरायचा, मला फिरवायचं आणि धारदार हत्यार लावायचं, की तो कसा गुळगुळीत गोल होऊन बाहेर पडायचा! जन्म माझा पंजाबातला. कोरेगाव स्टेशनात मला उतरवून बैलगाडीत चढवताना माणसं रडकुंडीला आली होती. तेव्हा मी भारी होते, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोराही होता.

दादासो पलटणीत मोटारी दुरुस्त करायचे. एकाहत्तरची लढाई संपली, ते पेन्शन घेऊन गावी आले आणि त्यांनी हा पत्र्याचा कारखाना घातला. इंजिनाचा दांडा असो नाहीतर चरकाचा रूळ, मोडलेलं काहीही आणा, आम्ही दोघं नीट करून द्यायचो. पण नवं काही काढायचं म्हटलं की दादासोंचं घोडं पेंड खायचं.

अशात गावातलाच केरू कराडहून इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन परत आला. त्याची आई राहीबाई दर हंगामात लोकांची हळद घासायला जायची. उकडून वाळवलेली हळकुंडं गोणपाटावर चोळून चोळून चकचकीत करायची. तिच्या तळहातांची सालटी निघालेली मी पाहिली आहेत, मित्रांनो. केरूच्या डोक्यात एकच होतं. हळद घासणारा फिरता ड्रम करायचा आणि आईला त्या गोणपाटावरून उठवायचं. आमच्याच कारखान्यात त्यानं तो जुळवायला घेतला. दादासोंना हा पोरगा कामाला हवा होता, पण शिकलेल्या माणसाचा पगार त्यांना झेपणारा नव्हता. तिकडे पुण्याच्या एका कारखान्यानं केरूला बोलावलं होतं. महिनाअखेर हजर व्हायचं होतं.

अशात दादासोंच्या कानावर आलं की लहान कारखान्यानं नवं यंत्र घडवण्यासाठी शिकलेला माणूस ठेवला, तर वर्षभर त्याचा अर्धा पगार सरकार देतं. अर्ज गेला. साताऱ्याहून निरोप आला की साहेब स्वतः काम बघायला येणार. झालं, आमचे दादासो अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले!

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पाहुणा आला की हातातलं काम खाली ठेवायचं. तो दारात असताना खाटखूट करत बसणं म्हणजे त्याचा अपमान. दादासोंनी सगळा कारखाना बंद ठेवला. जमीन सारवली, रांगोळी घातली. मला पुसून झेंडूचा हार घातला. अर्धवट ड्रम दिसायला बरा नाही म्हणून मागच्या कोपऱ्यात नेऊन ताडपत्रीखाली झाकला. केरूला इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसवलं. नवरदेवच म्हणा ना! मी मनात म्हणत होते, अहो, मला चालू तरी ठेवा. पण लोखंडाचं कोण ऐकतं?

साहेब आले. शिरा खाल्ला, चहा घेतला, चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "पूजा छान झालीय. पण इथं काम कुठं चाललंय? हा मुलगा करतो काय?"

दादासोंच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! मान ठेवायला गेले आणि बिनकामाचे ठरले. साहेब जायला उठले. तेवढ्यात राहीबाई डोक्यावर हळकुंडांची पाटी घेऊन दारात आली. ड्रमात घालून बघायला केरूनंच तिला हळद मागितली होती. बंद कारखाना बघून ती बिचकली.

"आवं दादासो, आज ड्रम फिरवायचा हाय न्हवं? मग समदं गप का?"

केरू खुर्चीतून उठला. ताडपत्री ओढून काढली, हळद ड्रमात ओतली आणि मोटार चालू केली. ड्रम धडधडत फिरला. थांबवून झाकण उघडलं, तर काय! निम्मी हळकुंडं मोडलेली. दादासोंनी डोळे मिटले. मलाही लय वाईट वाटलं. पोरगं पुण्याला गेलं म्हणायचं, आणि राहीबाई पुन्हा गोणपाटावर.

साहेबांनी एक मोडकं हळकुंड उचललं. का मोडलं, असं त्यांनी केरूला विचारलं. केरूनं लाजत सांगितलं की ड्रम फार जोरात फिरतोय, त्याच्या दांड्यावर पट्ट्याचं मोठं चाक, मोठी पुली बसवली की तो हळू फिरेल. मग त्यानं हळूच माझ्या गळ्यातला हार काढून दादासोंच्या हातात दिला, बाह्या वर सारल्या, ओतीव पुली माझ्यात धरली आणि मला चालू केलं. असा जीव माझ्या अंगात आला की मी कुणाचं ऐकत नाही! साहेब कोटावर लोखंडाचा चुरा उडाला तरी हलले नाहीत. त्यांची दुपारची एसटी निघून गेली.

"दादासो," शेवटी ते म्हणाले, "सगळं नीट झालेलं असतं, तर तुम्हाला माणूस कशाला लागला असता? मी मंजुरीची शिफारस करतो."

महिना सरायच्या आत मंजुरी आली. केरू राहिला. पुढे आणखी बरीच हळकुंडं मोडली, आणि एके दिवशी ड्रममधून सोन्यासारखी हळद निघाली, अखंड. ती सांगलीच्या बाजारात गेली तेव्हा व्यापाऱ्यांनी विचारलं, कुणी घासली? ड्रम गावोगाव गेले. माझ्याही वाट्याला चार कौतुकाचे शब्द आले.

आता नव्या लेथ आल्या आहेत. मी कोपऱ्यात आहे. माझ्या अंगावर कुणी पोती टाकतं, कुणी डबा ठेवतं. त्या दिवसांची आठवण आली की जीव कासावीस होतो. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्राला अधूनमधून थेंबभर तेल घाला आणि एखादा फेरा फिरवा, नुसतं बसून राहिलं की गंज चढतो. आणि तुमच्या गावात कुणी शिकलेलं पोर काही नवं करताना चुकलं, तर हसू नका, ते झाकूही नका. त्याला पुन्हा चुकायला जागा द्या. राहीबाई त्यानंतर कधी हळद घासायला गेली नाही.