वाटेत उघडलेला सिलिंडर

पटत नसलेल्या कामाला तोंडावर नाही म्हणावं, असं शहाणी माणसं सांगतात. त्यांचं काय जातं सांगायला! दीपकने तोंडावर नाही म्हटलं असतं, तर प्रथमेश शेठने फोन करून दुसरा ड्रायव्हर बसवला असता आणि जेवणाच्या आत वाडीची विहीर बुजली असती. म्हणून दीपकने तोंड मिटलं आणि पाना उचलला.

प्रथमेश शेठ माती उकरायच्या मशीनचा मालक, दीपक त्यावरचा ड्रायव्हर. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, समुद्र दिसणारी जमीन शेठने घेतली होती, आणि तिथे न्यायचा रस्ता नेमका वाडीच्या विहिरीवरून जात होता. वाडीतले बाप्ये सगळे मुंबईला, घरात म्हाताऱ्या, सुना आणि शाळकरी पोरं. उद्या शिमग्याला चाकरमानी उतरणार होते, म्हणून शेठला विहीर आजच बुजवायची होती. एकदा बुजली की मग बसा भांडत, असा त्याचा हिशेब. दीपकला त्याने फक्त "गडगा पाडायचाय" एवढंच सांगितलं होतं. विहीर दिसली, आणि काठावर कळशी घेऊन बसलेली वाडीतली म्हातारी येसूबाई दिसली, तेव्हा त्याला खरा प्रकार कळला.  स्वतःच्या गावातल्या बायका मार्च-एप्रिलात पाण्यासाठी किती वणवण करतात, ते त्याने लहानपणापासून पाहिलं होतं.

वाट अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे चिरे रचून केलेल्या कुंपणभिंती. दीपकने मशीन बरोबर मधोमध नेलं, असं की शेळीलासुद्धा अंग चोरून जावं लागेल. मागचा मोठा हात, ज्याला बूम म्हणतात, तो जमिनीला टेकवला आणि इंजिन बंद केलं.

"शेठ, बूमचा सिलिंडर गेला. हे तेल बघा."

तेल गळत होतं, त्यात खोटं काही नव्हतं. दोन वर्षं तो सील बदला म्हणून शेठच्या मागे लागला होता आणि शेठ दोन वर्षं "बघू" म्हणत होता.

"इतके दिवस गळतंय, आज आणखी गळू दे!"

"आणि बूम सुटून कुणाच्या डोक्यात बसला तर? तुम्ही उभे राहताय का खाली?"

आणि दीपकने लगेच सिलिंडरची पिन ठोकून काढली, तेलाचे पाइप सोडले. तेल भळाभळा मातीत गेलं. आता ब्रह्मदेव आला असता तरी मशीन जागचं हललं नसतं. शेठने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मग झक मारत रत्नागिरीहून सीलचं किट मोटरसायकलवर मागवलं.

दीपकचा बेत साधा होता. संध्याकाळपर्यंत काम लांबवायचं, अंधार पडला की शेठ आपोआप घरी जाईल, आणि सकाळी वाडी माणसांनी भरलेली असेल. सिलिंडरच्या तोंडावरचं आट्यांचं झाकण गच्च बसलं होतं. चेनपाना लावून त्याने ते सावकाश फिरवलं. रॉड ओढून बाहेर काढला, गोणपाटावर निजवला. रॉडच्या टोकाचा पिस्टन सोडवून हातात घेतला, तर सील पार चावून टाकल्यासारखे झालेले. बिचारं मशीन एवढे दिवस कशाच्या जिवावर माती उचलत होतं, देव जाणे. खोळंबा तर करायचा होता, पण वाईट काम त्याच्या हातून होईना. दुपारी किट आलं, पण नवा सील कडक होता. गरम पाण्यात नरम केल्याशिवाय तो पिस्टनवर चढला नसता.

"आजी, टोपभर गरम पाणी मिळंल काय?"

"पाणी?" येसूबाई भडकलीच. "मेल्या, माज्या हिरीचं पाणी घेऊन माजीच हीर बुजवतंस? लाज कुटं इकलीस?"

शेठ दोन हातांवर उभा. त्याच्यादेखत खरा बेत सांगायची सोय नव्हती. दीपक रॉड पुसत राहिला. म्हातारीने तरीही पाणी तापवून आणलं आणि टोप त्याच्यासमोर आदळला.

"मागतल्या पाण्याला नाय म्हणू नये, म्हणून दिला. त्यातच बुडून मर!"

शेठची शिवी त्याला लागली नव्हती, ही लागली. त्याने सील पाण्यात टाकला, नरम झाल्यावर पिस्टनवर चढवला, सीलची कड तेलाच्या दाबाकडे आली ना ते दोनदा पाहिलं. पिस्टन नवरदेवासारखा चकचकीत झाला. आता तो रॉडला लावून सिलिंडरमध्ये सरकवायचा, झाकण आवळायचं, की मशीन तयार.

आणि इथे शेठचं डोकं फिरलं. पहारी घेऊन झाडाखाली बसलेल्या आपल्या दोघा गड्यांवर तो खेकसला, "बसलात काय भटजीसारखे? मशीन होईपर्यंत हातानं सुरू करा! गडग्याचे चिरे काढा आणि टाका विहिरीत!"

पहिला चिरा पाण्यात पडला. धबाक्! मागोमाग दुसरा. येसूबाई काठाला घट्ट धरून उभी राहिली.

 मशीन बंद पाडलं, पण माणसांचे हात कसे बंद पाडायचे? क्षणभर दीपकला स्वतःचीच कीव आली, आणि मग असा राग आला म्हणता! नारळाएवढा तो जड पिस्टन त्याने दोन्ही हातांत घेतला आणि तडक विहिरीकडे निघाला.

"ए, तो घेऊन कुठे निघालास?"

दीपकने काठावर उभं राहून पिस्टन वर धरला आणि गुरव देवासमोर घालतो तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या वाडीच्या पाण्यावर ज्यानं वाकडी नजर टाकली आसंल, त्याची नजर आजच्या आज सरळ कर रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" येसूबाईच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं.

दीपकने हात सोडले. नव्या सीलसकट पिस्टन तळाला गेला.

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे... काय केलंस हे?"

"पिस्टन टाकला. हे मॉडेल कधीच बंद झालंय शेठ, बाजारात मिळायचा नाय. नवीन बनवून घ्यायला आठवडा जाईल. तोवर मशीन इथंच. उद्या सकाळी अख्खी मुंबई उतरंल, ती विचारंल, विहिरीवर कुणाचं मशीन उभं हाय. मी तुमचंच नाव सांगणार. नायतर आज पंप लावा, पाणी उपसा आणि गाळातून तो काढा."

"उद्यापासून कामावर पाऊल टाकू नकोस!"

"उद्या शिमगा हाय. येणारच नव्हतो."

 नोकरी गेली, हे दीपकला पक्कं कळलं होतं. तरीही कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं त्याला बरं वाटलं.

एवढ्यात एका गड्याने तिसरा चिरा खांद्यावर घेतला आणि काठाशी आला. शेठ घसा फोडून ओरडत त्याच्या अंगावर धावला.

"ठेव! ठेव तो खाली, गाढवा! विहिरीत एक खडासुद्धा पडता कामा नये!"