परातीत गोठलेला मद्दू

पितळी परातीभोवती सारी गल्ली वाकली होती. अप्पा नुकतेच तिच्यात हिरवंगार ओकले होते.

“हात लावू नका!” करणी उतरवणारा चन्नज्जा गरजला. “मद्दू आहे. वारा लागला की आपलं रूप दाखवेल!”

त्याने मंत्र म्हटले, विडा चघळला, पुन्हा मंत्र म्हटले. तेवढ्यात परातीतलं पाणी गोठून थरथरायला लागलं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

आमच्या धारवाडकडे मद्दू म्हणजे जेवणातून घातलेली करणी. ती पोटात वाढते म्हणतात. अप्पांच्या डाव्या खांद्याच्या हाडावर, मानेच्या मुळाशी, लिंबाएवढी गाठ आली होती.

“घातला कुणी, अज्जा?” नीलव्वाआत्याने विचारलं.

“रोज जेवायला वाढते तिनंच,” चन्नज्जा म्हणाला.

सगळे अव्वाकडे, माझ्या आईकडे वळले. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. अप्पांनी तो घेतला नाही.

तेव्हापासून अव्वाच्या भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला. कुत्रं धडधाकट राहिलं, तरी अप्पा जेवायला आत्याकडेच. दर अमावास्येला चन्नज्जाचं औषध पिऊन ओकायचे. गाठ वाढतच होती.

मी त्यांना हुबळीला नेलं तोवर पाठ दुखून वाकली होती. डॉक्टरबाईंनी गाठीत सुई घालून तपासणी केली.

“मूळ खाली आहे,” त्या म्हणाल्या. “मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर. तो बहुधा हाडांत जातो. क्वचित मानेतल्या गाठीतूनच पहिल्यांदा कळतो. लघवीचा त्रास होता?”

“दोन वर्षं,” अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. “पोरीसमोर काय सांगू?”

“गाठ दिसली तेव्हाच आला असतात, तर औषधांनी काही वर्षं मिळाली असती.”

मी त्यांना सगळं समजावलं. “खरं आहे, बाळ,” ते म्हणाले. संध्याकाळी अव्वाने पेज आणली. त्यांनी ओठ मिटून घेतले. तिच्या हातच्या घासाला ते शेवटपर्यंत उघडले नाहीत.

त्यांच्या तिथीला अव्वाने रांधलं. पानाला कुणी हात लावेना.

चन्नज्जाच्या परसात चुरलेला पाला मी पाहिला होता. आमच्या कुंपणावरही तीच वासनवेल. मी पानं ओरबाडली, पाण्यात चुरली, गाळून वाटी आत्यापुढे ठेवली. पंगत बघत राहिली. पाणी गोठलं.

“हा मद्दू कुणाच्या पोटातून निघाला, आत्या? अज्जा हाच रस पाजून लगेच ओकवायचा. पुढचं काम वेलीचं.”

आत्याने वाटी कलती केली. गोळा जागचा हलला नाही.

“वेल सगळ्यांच्याच कुंपणावर आहे,” मी म्हणाले. “कुणाच्या बायकोकडे बोट दाखवण्याआधी पाला चुरून बघा. आणि गाठ डॉक्टरला दाखवा.”

“कळलं गं,” आत्या म्हणाली.

तिने भाकरी मोडली. पहिला तुकडा कुत्र्याला टाकला.